बाळा, जानेवारीत ये

"मंगलमावशी, तुम्ही बसताय. सून बसत नाही," जिनेश कारकून म्हणाला.

आता मंगलचं वय बावन्न. पोराचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली, गुडघे कुरकुरतात, आणि हा चष्मेवाला तिला सांगतोय की ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, बाळंतपणाच्या पैशांना तीच बसते. मागं बेदाणा निवडणाऱ्या बाया फिस्सकन हसल्या.

"थट्टा करतोस व्हय रं आण्णा?" मंगल कडाडली. "पोटुशी ती हाय. तिचं सांग."

"तेच सांगतोय. सत्तर दिवस भरावे लागतात. तुमचे एकशे पंचवीस आहेत. सृष्टीचे चौसष्ट."

सृष्टी, मंगलची सून, खाली मान घालून उभी होती. तिला सातवा लागला होता. दिवस कमी का पडले, हे तिला ठाऊक होतं आणि मंगललाही. जिनेशला तर सगळ्यांत जास्त.

त्याचं असं झालं. मंगलच्या नवऱ्याचा, अर्जुनाचा पाय अधू झाला, मेंढरं विकली, दारात आठ शेळ्या उरल्या. पोरगा पप्पू टेम्पोवर. मग दिवाळीनंतर सासू-सुना दोघी तासगावच्या रस्त्याला धरणेंद्रशेठच्या बेदाण्याच्या कारखान्यात लागल्या. पण शेळ्यांपाशी कुणीतरी पाहिजेच, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस एक जण घरी राहायची. शेठनं जाहीर केलं होतं की गुढीपाडव्यापर्यंत ज्या बाईचा एकही खाडा नाही, तिला पैठणी. झालं! मंगलनं घरात फर्मान काढलं. "मी घरी ऱ्हायले तरी तू माझा बिल्ला लावून बसायचं. माझी हजेरी पडली पायजे. पैठणी काय माझ्या बापाच्या घरी जातीया? घरातच येनार." शेतावर बाया एकमेकींचा पैरा करतात, आज मी तुझ्यात, उद्या तू माझ्यात; त्यातलंच हे, असं तिच्या डोक्यात. खुर्चीवर माणूस आहे, बेदाणा निवडून होतोय, म्हणून जिनेशनंही डोळे मिटून टिक मारली. पाडव्याला पैठणी मिळाली, फोटो निघाला, पेढे वाटले. सृष्टीनं काम केलेले चाळीस दिवस सासूच्या नावावर जमा झाले आणि त्यांची विम्याची वर्गणीही सासूच्याच नावानं भरली गेली.

"मग ते चाळीस काढ की माज्यातनं आन् घाल तिच्यात," मंगल म्हणाली.

"पैसे भरून सहा महिने झाले मावशी. आता बदलायचं म्हणजे मी खोटी हजेरी लावली असं लिहून द्यायचं. माझी नोकरी जाईल, शेठ अडकतील आणि तुमचीही चौकशी लागेल."

"आन् एप्रिलपास्नं पोरगी रोज येतीया, स्वतःच्या बिल्ल्यावर, त्ये काय वाऱ्यावर गेलं?"

इथं जिनेशनं चष्मा वर केला. "डॉक्टरांनी तारीख सत्तावीस डिसेंबर दिलीय ना? डिसेंबरात बाळंत झाली तर मार्चपर्यंतचेच दिवस धरतात. बाळ जानेवारीत झालं तर मात्र सप्टेंबरपर्यंतचे धरतात. मग सत्तर काय, दोनशे होतील."

"म्हंजी पाच-सा दिस उशिरा झालं तर मिळतंय?"

"पहिली तारीख लागली की मिळतंय. सव्वीस आठवडे, घरबसल्या."

सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सृष्टीनं लग्न झाल्यापासून सासूकडं काही मागितलं नव्हतं, पण एकदा शेळ्या पिळताना बोलून गेली होती, "आत्या, सा म्हैने मी बाळाला अंगावर पाजनार. तवर कामावर येनार न्हाई." त्यावर मंगलनं तिला आपली नेहमीची कथा ऐकवली होती. पप्पू वाटेवर झाला, पाचवी पुजली आणि सहाव्या दिवशी ती कळपामागं चालायला लागली. ही कथा ती फुशारकीनं सांगायची. तान्हा पप्पू शेळीच्या दुधावर वाढला, कारण चालून चालून हिचं दूध आटलं होतं, हे मात्र ती कुणाला सांगत नसे. जिनेशकडून निघून घरी जाताना रस्ताभर तिला तेच आठवत राहिलं.

मग तिनं बाळाला थोपवायचं मनावर घेतलं. 'आमच्यात नवव्यात बाईनं उखळ कांडावं, मोकळी होती' असं म्हणणारी ही सासू, सुनेला तांब्यासुद्धा उचलू देईना. पपई बंद, तीळ बंद, गूळ बंद. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सृष्टीला कोरेगावला पाठवायची वेळ आली, तेव्हा पप्पूला तंबी दिली, "गाडी बैलगाडीवानी हाक. खड्ड्यात आपटलीस तर डोस्कं फोडीन."

एवढ्यावर भागलं नाही. चोवीस डिसेंबरला ती स्वतः कोरेगावला विहिणीच्या दारात पिशवी घेऊन हजर. सासू सुनेच्या माहेरी बाळंतपणाला मुक्कामाला येते, हे त्या आळीनं प्रथमच पाहिलं. सृष्टीची आई, रंगूबाई, भाबडी बाई. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आवं विहीणबाई, किती हो जीव तुमचा पोरीवर!"

"हाय खरा," मंगल म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

शेजारणी बघायला येऊ लागल्या. अशी सासू मिळायला पुण्य लागतं म्हणाल्या. मंगल सुनेच्या पोटावर हात ठेवून सगळ्यांदेखत लाडानं बोलायची, "बाळा, भायेर लय थंडी हाय रं. घाई करू नगंस. जानेवारीत ये." बायांना कौतुक वाटायचं. सृष्टी हसायची नाही.

सत्तावीस गेली. अठ्ठावीस गेली. एकोणतीसला डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, कळा आल्या की लगेच या. तीसही गेली. मंगलची कळी खुलली. तिनं जिनेशला फोन लावून सांगितलं, "आण्णा, कागद काढून ठिव. नातू शहाणा हाय."

एकतीसला सकाळी नऊच्या सुमारास मंगल अंगणात शेंगा फोडत बसली होती. सृष्टी पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. सोलता सोलता तिचा हात थांबे. ती दाराची चौकट घट्ट धरी, नाकानं हळूहळू श्वास सोडी आणि पुन्हा वाटाणे घेई. रंगूबाई आतून काहीतरी बोलत होती, तिला सृष्टी सरळ आवाजात उत्तरं देत होती.

मंगलनं आयुष्यात शेकड्यानं मेंढ्या विणताना बघितल्या होत्या. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"कवापास्नं?" ती जवळ जाऊन हळूच म्हणाली.

"काय न्हाई आत्या."

"सृष्टे, कवापास्नं?"

"काल दिस मावळल्यापास्नं." सृष्टीच्या वरच्या ओठावर घाम होता. "पानी पहाटं गेलं. मी परकर बदलला. आता एकच दिस ऱ्हायला, आत्या. मी दम धरते."

खोटं कशाला बोला, मंगलच्या डोक्यात पहिल्यांदा हिशेबच आला. नऊ ते बारा, बारा ते बारा, पंधरा तास. पोरगी घट्ट आहे, धरील. हा हिशेब संपायच्या आत तिला स्वतःची किळस आली. पाणी गेल्यावर अडलेली मेंढी तिनं कधी पंधरा तास ठेवली नव्हती. जनावराला जे केलं नाही, ते ती लेकरू पोटात असलेल्या पोरीला करायला निघाली होती.

"आगं, मुडदा बशिवला त्या पैशाचा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की रंगूबाई हातातलं लाटणं टाकून बाहेर आली. "विहीणबाई, गाडी बलवा! बघताय काय? पोरगी रातीपास्नं कळा गिळतीया!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना झाप झाप झापलं. आणखी उशीर झाला असता तर बाळाचं काही खरं नव्हतं, म्हणाल्या. दुपारी दीडला मुलगी झाली. सव्वादोन किलोची, काळीसावळी आणि पहिल्या श्वासापासून भांडखोर. बाईमाणूस आजीवर गेलंय, असं रंगूबाई म्हणाली, आणि मंगलला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

संध्याकाळी तिथली एक बाई नोंदीचं पुस्तक घेऊन खाटेपाशी आली. गोड स्वभावाची होती. "आजी, तारीख आजची लिहू का उद्याची? नवं साल मिळतं, पोरांना शाळेत बरं पडतं, म्हणून पुष्कळ लोक मागतात. काही तासांचाच तर प्रश्न आहे."

मंगल आ वासून बघत राहिली. देवानं दारात आणून ठेवलं म्हणतात ते हेच. ना चौकशी, ना जिनेश. एक आकडा, की पोरगी सहा महिने आईच्या अंगावर.

"लिवा की बाई," ती म्हणाली. "उद्याची—"

"आत्या." सृष्टीचा आवाज पडलेला होता, पण स्वच्छ होता. "माझं दिस तुमच्या नावावर गेलं, मी काय बोलले न्हाई. हिचा दिस दुसरीकडं घालू नका."

तुला काय कळतंय, असं मंगलच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. पोरगी आईच्या कुशीत तोंड घालून चोखत होती, मधेच सोडून रडत होती, पुन्हा धरत होती. मंगलनं वाकून तिच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. पुस्तकवाली बाई खोळंबली.

"सा म्हैने तू घरीच ऱ्हायचंस," मंगल शेवटी सुनेला म्हणाली. "मी रोज जाईन. शेळ्या इकू. एका रोजावर भागवू, न्हाई भागलं तर अर्धपोटी ऱ्हाऊ." मग तिनं बाईकडं वळून डोळे पुसले. "एकतीस लिवा. एकतीस डिसेंबर, दुपारी दीड."

"आणि आईचं नाव?"

"सृष्टी," मंगल म्हणाली. "नीट बघून लिवा बाई. माजं न्हवं."