अर्धी रेघ

मोस्तगानेमच्या नर्सिंग शाळेत वॉर्डातलं काम सुरू होण्याआधी प्रत्येकीने सगळे विभाग हिंडून पाहायचे आणि एक निवडायचा. रबाबने बाळंतपणाचा पाहिला, मुलांचा पाहिला. उरला अतिदक्षता विभाग. दोन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण सुन्दुस तिथेच वारली होती. घरच्या कुणालाही आत सोडलं नव्हतं.

तेव्हापासून पहाटेची नमाज झाली की आई, त्यांची यम्मा, एकच सांगायची, "आजही स्वप्नात आली होती गं. पाठ करून उभी. तोंड काही दाखवत नाही."

जाताना पोरीचं तोंड मक्केकडे, किब्ल्याला, कुणी केलं असेल का? हेच यम्माला खात होतं. रबाबलाही.

"बाळांचा वॉर्ड घे की," मैत्रीण चहिनाज म्हणाली. "बाळं निदान रडतात तरी. इथले तुझी बडबड ऐकून खाटेवरून उठून पळतील."

रबाब हसली नाही. आत गेली.

मुख्य परिचारिका लल्ला वर्दिया हळू आवाजात सांगत होती, "हात लावायच्या आधी रुग्णाचं नाव घ्यायचं. शुद्ध नसली तरी."

रबाबचे डोळे मात्र खिडकीजवळच्या खाटेखाली खिळले होते. फरशीवर चाकाचे ओरखडे होते, धनुष्यासारखे वाकलेले, एकाशेजारी एक. सगळे पूर्वेच्या भिंतीकडे वळलेले.

"किब्ला तिकडे," लल्ला म्हणाली. "वेळ आली की खाट वळवतो आम्ही. हिचं एक चाक अडतं, म्हणून रेघा."

एक रेघ मध्येच थांबली होती.

"आणि ही, लल्ला?"

लल्लाने नीट असलेली चादर पुन्हा नीट केली. "त्या दिवशी मी एकटीच होते, बिंती, लेकी. खाट हलेना. अर्ध्यातच पोरीचा श्वास संपला. मग हातांनी तिचं तोंड वळवलं, कानात कलमा म्हटला. पोचला का, अल्ला जाणे. ती रेघ घासून पाहिली मी कितीदा. जात नाही."

"नाव काय होतं तिचं?"

"सुन्दुस." लल्लाला आठवावं लागलं नाही.

माझी बहीण, एवढंच सांगायचं होतं. रबाबने वाकून त्या अर्ध्या रेघेवर बोट फिरवलं.

दुपारी तिने अर्जावर अतिदक्षता विभाग लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, खाट वळवायला दोघी लागतात.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. पहाटे यम्मा नमाजेच्या चटईवरून उठलीच नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"रबाब," ती म्हणाली, "आज अर्धी वळली होती गं. एक गाल दिसला."