दोन यार्ड

लाइल व्हाव्राने ऐन हंगामात राजीनामा दिला, त्या सकाळी पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर लोकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. व्हर्न झेलेंकाने सगळ्यांना सिनॅमन रोल खिलवले. व्हर्नने याआधी कुणाला काही खाऊ घातल्याचं मला आठवत नाही, आणि मी या गावातच जन्मले आहे.

लाइल आमच्या प्लम फोर्क हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा चढाईचा कोच. आमचा फुटबॉल बॉल हातात घेऊन धावायचा. म्हणजे बॉल आपल्याकडे असला की पुढची चाल कोणती, हे तो ठरवायचा. मुख्य कोच वेगळा. तो मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडायचा, आणि ते काम तो उत्तम करायचा. लाइल ओरडत नसे. त्याची एक लाडकी चाल होती. संघातल्या सर्वांत दणकट पोराच्या हातात बॉल द्यायचा आणि त्याला सरळ मधून, समोरच्या धटिंगणांच्या भिंतीत घुसवायचं. पोरगं घुसायचं, पाच-सहा जण त्याच्यावर पडायचे, आणि ढीग उपसल्यावर कळायचं की आपण दोन यार्ड, म्हणजे जेमतेम दोन पावलं, पुढे आलो. मग लाइल पुन्हा तेच करायला सांगायचा. कुणी जाब विचारला तर म्हणायचा, "दोन यार्ड म्हणजे दोन यार्ड."

हे वाक्य गावात फार गाजलं. चांगल्या अर्थाने नाही. किराणा दुकानात रांग हळू सरकली तरी कुणीतरी ते म्हणायचं. एरवी लाइल शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवतो. गाडी लेनच्या मधोमध ठेवा, हा त्याचा पहिला धडा, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते असं व्हर्नचं मत होतं.

संघ हरत गेला तसे लोक कामाला लागले. व्हर्नने बायकोची चादर घेऊन तिच्यावर "मधून नको" असं रंगवलं आणि ती दर सामन्याला कुंपणावर बांधली. मग एका सकाळी लाइलच्या अंगणात "घर विकणे आहे" अशी पाटी उगवली. ही आमच्याकडची जुनी रीत. कोचने गाव सोडावं असं वाटलं की त्याला तोंडावर कुणी सांगत नाही, अंगणात पाटी रोवतात. लाइलने पाटी काढली नाही. तिच्याभोवतीचं गवत नीट कापलं. पुढच्या रविवारी ओमाहाहून एक जोडपं पाटी बघून थांबलं, तर एवढ्या लांबून आले आहेत म्हणून त्याने त्यांना घर दाखवलं. त्यांना स्वयंपाकघर लहान वाटलं.

तर अशा माणसाने राजीनामा दिला. कारण लिहिलं, कौटुंबिक. आता हे कारण आमच्याकडे हाकललेल्या माणसाला अब्रू झाकायला देतात, त्यामुळे त्यात खरोखर कुटुंब असेल असं पुरुषांपैकी कुणालाच वाटलं नाही. बायकांना वाटलं. कुटुंब म्हणजे एकतर कॅन्सर नाहीतर घटस्फोट, आणि दोन्हींत रांधायला वेळ होत नाही, म्हणून दोघी-तिघी भाजलेल्या नूडल्सची भांडी घेऊन त्याच्या दारात गेल्या. लाइलने भांडी घेतली आणि जे होतं ते सांगून टाकलं. त्याला खोटं बोलता येत नाही. चढाईच्या कोचमध्ये हे व्यंगच म्हणायचं.

होतं ते एवढंच. त्याची मुलगी टेसा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. हाफटाइमला बँड मैदानात उतरतो, आणि कोच त्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत पोरांना फळ्यावर चुका दाखवत असतो. चार वर्षांत लाइलने लेकीला मैदानात एकदाही पाहिलं नव्हतं. हे तिचं शेवटचं वर्ष. घरच्या मैदानावरचा एकच सामना उरला होता, बाहेरगावी बँड जात नाही, आणि त्या एका सामन्यात तिला एकटीला वाजवायचं होतं. ते बघायला मिळावं म्हणून त्याने कोचिंग सोडलं.

ही बातमी कॉफीच्या टेबलावर पोचली तेव्हा व्हर्नने कप खाली ठेवला.

"ट्रम्पेटसाठी?" व्हर्न म्हणाला. "आम्ही सगळे इतके आठवडे राबलो. माझ्या बायकोची चांगली चादर गेली. आणि हा बाबा ट्रम्पेटसाठी सोडतो?"

"गेला ना पण?" मी म्हणाले. "तुला तेच तर हवं होतं."

"तसं नाही, डोरीन. जायचं तर आमच्यामुळे जायला हवं होतं. आमच्या मेहनतीची काही किंमत आहे की नाही?"

"मग जा आणि सांग त्याला, परत ये रे, म्हणजे आम्ही तुला नीट हाकलतो."

व्हर्नने यावर खरंच थोडा विचार केला.

लोकांना राग आला, तो असा. लाइल हरत होता तोवर तो नुसता नालायक होता. आता तो गर्विष्ठ ठरला. फुटबॉलपेक्षा मोठं काही असतं असं त्याला वाटतं, असं लोक म्हणायला लागले, आणि आमच्या गावात हा आरोप साधा नाही.

यात खरी भरडली गेली ती पोरगी. माझा नातू एलाय त्याच बँडमध्ये ट्युबा वाजवतो, आणि टेसा त्याला रोज गाडीतून घरी सोडते. एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"मी सांगितलं होतं का त्यांना?" ती म्हणाली. "शाळेत मी दिसले की पोरं तोंडाने पिपाणी वाजवतात. तुझ्या पिपाणीसाठी आपण हरणार म्हणतात. आता मी चुकले तर?"

"डॅडशी बोललीस?"

"मी बोलत नाही त्यांच्याशी."

"किती दिवस?"

"बघू," ती म्हणाली आणि मी दिलेली बिस्किटं न खाता निघून गेली. मला लाइलची दया आली, आणि त्याहून जास्त तिची.

आता जॅनेल ऑटे. मैदानावर खाण्याची टपरी बँडच्या पोरांचे घरचे चालवतात, आणि जॅनेल त्या घरच्यांची अध्यक्ष आहे. टपरीतून आलेल्या पैशांत पोरांचे गणवेश होतात. धंदा खरा हाफटाइमला, म्हणजे बँड वाजत असतो तेव्हाच. त्यामुळे गावात बँड कुणी पाहिला नसेल तर तो बँडच्या पोरांच्या आईबापांनी. मी आधी मुलीसाठी आणि आता नातवासाठी त्या टपरीत उभी राहते. खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे, पाठीला प्लायवूडची भिंत, आणि भिंतीपलीकडे मैदान. मी हाफटाइम फक्त ऐकलेला आहे.

राजीनाम्याच्या तिसऱ्या दिवशी जॅनेलने लाइलला शाळेच्या दारात गाठलं.

"आता तू शुक्रवारच्या सामन्याला मोकळा," ती म्हणाली. "प्रत्येक घरातून एकाने हाफटाइमची पाळी करायची असते. तू कोच होतास, तुझी बायको शुक्रवारी हॉस्पिटलात ड्युटीवर असते, म्हणून तुम्हाला सोडलं. आता शेवटच्या सामन्याला तू."

"बरोबर आहे," लाइल म्हणाला.

मला कळलं तेव्हा मी त्याच्या घरी गेले. तो पाटीभोवतीचं गवत कापत होता.

"अरे, बरोबर काय आहे? तिला सांग ना, नाही जमणार!"

"तिला माहीत आहे, मिसेस ह्रुस्का."

"त्या पाळीला तुझ्याबरोबर मीच आहे. मी दोघांचं काम करते."

"टपरीत दोन माणसं हवीत, असा नियम आहे." त्याने यंत्र बंद केलं. "मागच्या वर्षी एका पोराने बहिणीच्या लग्नाच्या तयारीसाठी सरावातून सुट्टी मागितली होती. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मग मी जॅनेलकडे गेले. हृदय म्हणून काही चीज आहे का तुझ्याकडे, असं विचारलं.

"माझी तिन्ही पोरं बँडमध्ये होती, डोरीन," ती म्हणाली. "मी एकदाही पाहिलं नाही. मी रडले का?"

ज्या आवाजात तिने हे विचारलं त्यावरून रडली असावी.

शेवटचा सामना आला. चढाई आता मुख्य कोचच्या मेव्हण्याकडे, ट्रेंटकडे होती. तो विमा विकतो. ट्रेंटला मधून घुसणं मान्य नव्हतं. तो बॉल लांब फेकायला लावायचा, आणि पोरगं लांब फेकायचं, आणि समोरच्या संघातलं कुणीतरी तो आनंदाने झेलायचं. आम्हाला टपरीत हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आधी एक मोठा "आऽऽ", मग शांतता, मग शिव्या. असं चार-पाचदा झालं. मग सगळ्यांच्या वर एक आवाज आला.

"अरे, मधून घाल की!"

तो व्हर्नचा होता. मग आणखी दहा-वीस जण ओरडायला लागले, मधून, मधून. मी लाइलकडे पाहिलं. तो चिप्सची पाकिटं आडवी कापून ठेवत होता. पाकीट कापायचं, त्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, ओतायची, वर चीज, आणि चमचा खुपसून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हा आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल.

"चीज कमी पडेल," लाइल म्हणाला.

हाफटाइम झाला आणि रांग आली. टपरीपासून मैदानाकडे जायला एकच बोळ आहे. एका बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्यांचं लोखंड, दुसऱ्या बाजूला संडासांची भिंत. रांग त्याच बोळात तुंबते. माणसाला अंग वळवायलाही जागा उरत नाही अशी. रांगेत पहिला व्हर्न होता. तो नेहमीच पहिला असतो, कारण हाफटाइमच्या थोडं आधीच तो उठतो.

"तो विमेवाला आपली वाट लावतोय," व्हर्न लाइलला म्हणाला. "चिली जरा जास्त घाल."

"आम्ही सगळ्यांना सारखीच घालतो."

"तू बघितलंस का, तो फेकायला लावतो..."

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. ट्रम्पेटवर, टेसा व्हाव्रा.

रांगेतल्या माना लाइलकडे वळल्या. सगळ्यांनाच माहीत होतं. ढोल थांबले आणि ट्रम्पेट सुरू झाला. एकटाच, आधी जरा बिचकत. लाइलच्या एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात पळी होती, आणि पळीतली चिली खाली सांडत होती. तो प्लायवूडकडे बघत होता. मी इतकी वर्षं त्या भिंतीकडे बघते आहे. तिच्यात बघण्यासारखं काही नाही.

"जा रे," मी म्हणाले.

"रांग आहे, मिसेस ह्रुस्का."

व्हर्नने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अरे माणसा, तू ह्याच्यासाठी सोडलंस ना?" तो म्हणाला. "मग इथे चिली काय वाढत बसलायस?"

"माझी पाळी आहे."

"खड्ड्यात गेली पाळी! आमचा कोच गेला तो गेला, निदान वसूल तर कर!" आणि व्हर्न मागे वळून रांगेवर ओरडला, "सरका! जागा द्या त्याला! कोच, निघ! मधून!"

लाइल पळी ठेवून दारातून निघाला. बोळ गच्च होता. कडेने जायला वाव नव्हता. लोक लोखंडाला आणि भिंतीला चिकटले, मध्ये एक फट झाली, आणि लाइल खांदा खाली घालून तिच्यात घुसला. हातातलं पाकीट ठेवायचं त्याला सुचलं नाही. पोरांना शिकवतो तसं त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "मधून, कोच, मधून!" अख्खी रांग ओरडत होती, चादर रंगवणारी, पाटी रोवणारी, सगळी. मग तो दिसेनासा झाला. व्हर्न आत आला, त्याने पळी घेतली आणि पहिल्यांदा स्वतःला भरपूर वाढून घेतलं.

भिंतीपलीकडे ट्रम्पेट वर चढत गेला. आता तो बिचकत नव्हता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी गरज नसताना चीज ढवळत राहिले. अगदी शेवटचा सूर मात्र फाटला. मग बोळातून टाळ्या सुरू झाल्या. त्यांच्यातल्या एकालाही मैदान दिसत नव्हतं. जॅनेल दाराशी उभी होती. दुसऱ्या माणसाचं काय, असं तिने विचारलं नाही.

उत्तरार्धात ट्रेंटने लोकांचं ऐकलं आणि पोरांना मधून घुसवायला सुरुवात केली. लोक फार खूश झाले. आम्ही हरलो.

माणसं पांगल्यावर लाइल आणि मी भांडी खरवडत होतो. त्याच्या शर्टावर छातीभर चिली वाळली होती. टेसा खिडकीशी आली. गणवेशात, बँडची उंच टोपी काखेत. ती त्याच्याशी बोलत नव्हती त्याला आता आठवडा होऊन गेला होता.

"दिसलं?" तिने विचारलं.

"शेवटचं थोडं," लाइल म्हणाला. "कुंपणाशी पोचलो तेव्हा संपतच आलं होतं."

"म्हणजे मी चुकले तेवढंच."

दुसरा कुठलाही बाप नाही म्हणाला असता. मी त्याच्या पायावर पाय द्यायला सरकले, पण उशीर झाला.

"हो," लाइल म्हणाला.

टेसा त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाकडे, मग त्या शर्टाकडे.

"दोन यार्ड म्हणजे दोन यार्ड, डॅड," ती म्हणाली. "भूक लागलीय. काही उरलंय का?"

लाइल चिप्सचं पाकीट काढायला मागे वळला. पाकिटं त्याच्या डोळ्यांसमोरच होती, तरी त्याला ती बराच वेळ सापडली नाहीत.