अडतीस पूर्णांक शून्य नऊ पाच दोन तीन

"अडतीस! पूर्णांक! शून्य! नऊ! पाच! दोन! तीन!"

गणितानंद महाराज एकेक आकडा ओढून ओढून म्हणत होते आणि देवळाच्या मंडपात जमलेली आमची अख्खी वाडी प्रत्येक आकड्याला हात जोडत होती. "आठव्या इयत्तेच्या पुढचा आकडा हाय ह्यो!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

त्र्याऐंशी सालचा ऑक्टोबर. रत्नागिरीजवळच्या एका खारवीवाडीत मी शाळामास्तर होतो, गणित शिकवायचो. वाडीतला विठू आणि त्याचा चुलतभाऊ बाबल्या मंगळवारी मासेमारीला गेले, दुपारी वादळ उठलं, आणि गुरुवार उजाडला तरी होडी परतली नव्हती. समुद्र आता निवला होता. सहा बोटी शोधायला तयार होत्या. प्रश्न एवढाच होता, जायचं कुठे?

महाराजांनी तो सोडवला. भगवी कफनी, आणि गळ्यातल्या रुद्राक्षमाळेत लटकवलेला मुंबईचा कॅल्क्युलेटर! त्याचं नाव 'त्रिकाळयंत्र'. विठूच्या सदऱ्यावरून ओवाळलेला तांदळाचा एक दाणा त्यांनी डोळे मिटून नकाशावर टाकला. नकाशाचं पुस्तक माझ्याच शाळेतलं. दाणा रत्नागिरीच्या पश्चिमेला निळ्या रंगावर पडला.

"होडी इथे!" महाराज गरजले. मग कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं. रत्नागिरीपासून दाणा शून्य पूर्णांक आठ सेंटीमीटर. नकाशाखालची शंभर किलोमीटरची रेघ दोन पूर्णांक एक सेंटीमीटर. एकाला दुसऱ्यानं भागलं, शंभरानं गुणलं, आणि यंत्रात तो आकडा उमटला. अडतीस पूर्णांक शून्य नऊ पाच दोन तीन किलोमीटर.

सखाराम तांडेल उठला. चाळीस वर्षं बोट हाकलेला माणूस. "महाराज, वारा दक्षिणेचा होता. होडी वर उत्तरेला, अंजनवेलाच्या अंगाला वाहवत गेली असणार. सुमारे कुटं ता सांगतो मी. सहा बोटी पसरू आणि शोधू."

"सुमारे!" महाराज खदखदून हसले. "अरे तांडेला, तुझ्या सुमाराला दशांशचिन्ह तरी आहे का? माणूस सांगतो अंदाज, यंत्र सांगतं नेमकं. सगळ्या बोटी याच जागी न्या. एक जरी दुसरीकडे वळली तरी मंत्र तुटेल!"

लोक हसले. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू?

विठूची बायको मालन पदर आवळून बसली होती. ती माझी विद्यार्थिनी. सातवीच्या परीक्षेत तिनं उत्तरापुढे 'सुमारे' लिहिलं म्हणून मी तिचे दोन मार्क कापले होते. गणितात सुमारे चालत नाही, असं वर्गासमोर सुनावलंही होतं.

ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी बघा ओ. हिशोब खरा हाय ना?"

मी खिशातली पेन्सिल काढून कागदावर भागाकार केला. पाचही दशांश स्थळं जुळली. मान ताठ करून मी म्हणालो, "गणित बरोबर आहे."

सहाही बोटी पश्चिमेला गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी रिकाम्या परतल्या.

शनिवारी अंजनवेलच्या मच्छीमारांना होडी सापडली. बाबल्या जिवंत होता, ओठ फाटलेले, बोलता येत नव्हतं. विठू त्याच्या मांडीवर होता. पाणी संपलं होतं. चार दिवसांनी बाबल्याला बोलता आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "शुक्रवारी दुपारपर्यंत बोलत होता ओ. मालनला हाका मारीत होता."

म्हणजे गुरुवारी बोटी पसरल्या असत्या तर विठू जिवंत सापडला असता.

विठूच्या दहाव्याला महाराज परत आले. निर्लज्जपणाची कमाल! मंडपात बसून डोळे मिटून म्हणाले, "यंत्र चुकत नाही. बाईच्या मनात किंतु आला, म्हणून शेवटचा आकडा फिरला."

सगळ्यांच्या नजरा मालनकडे. ती खांबाला टेकून बसली होती. अगदी हळू म्हणाली, "आला होता. सखारामकाकांचा ऐकावासा वाटला होता मना. माज्यामुळं गेले काय ते?"

मी धावत शाळेत गेलो, तेच नकाशाचं पुस्तक, तीच पट्टी आणि मूठभर तांदूळ घेऊन आलो.

"शेवटचा आकडा फिरला? महाराज, तो शेवटचा आकडा एकानं फिरला म्हणजे किती माहीत आहे? एक सेंटीमीटर! अरबी समुद्रात एक सेंटीमीटर! आणि मोजलंत कशानं? या पट्टीनं. हिच्यावरची सर्वांत लहान रेघ, एक मिलिमीटर, म्हणजे नकाशावर जवळजवळ पाच किलोमीटर."

त्या दिवशी दाणा पडला होता तिथेच मी एक दाणा ठेवला. "सखाराम, रत्नागिरीपासून याच्या अलीकडच्या टोकापर्यंत मोज."

"पाच मिलिमीटर."

महाराजांच्या गळ्यातलं यंत्र मी धरलं आणि बटणं दाबली. तेवीस पूर्णांक आठ शून्य नऊ पाच दोन. "आता पलीकडचं टोक."

"अकरा."

बावन्न पूर्णांक तीन आठ शून्य नऊ पाच.

"बघा! दाणा तोच, पट्टी तीच, दोन्ही उत्तरं सारखीच 'नेमकी', आणि मध्ये अठ्ठावीस किलोमीटर समुद्र! एका तांदळाखाली एवढं पाणी आहे. आणि हा दाणा तरी कुणी टाकला? मिटलेल्या डोळ्यांनी. तो कुठेही पडला असता! पट्टीनं एक आकडा दिला, तो आठ. बाकीचे यंत्रानं भागाकार करताना बनवले. त्यात विठू नव्हता, होडी नव्हती, काहीच नव्हतं."

महाराजांनी कधी एस.टी. गाठली, कुणाला कळलंही नाही.

"मालन, तुझ्या किंतूनं काही झालं नाही पोरी," मी म्हणालो. "तुझा किंतूच खरा होता."

तिनं तो दाणा उचलून तळहातावर घेतला. मग विचारलं, "ता सगला तुमाला ठावूक होता गुरुजी. मग त्या दिवशी का नाय बोललात?"

"मी भागाकार तपासला गं. पट्टी तपासलीच नाही."

ती रडली नाही. मीच रडलो, सगळ्यांसमोर.

मंडळी, पुस्तकात याला सार्थ अंक म्हणतात. मी तो धडा पंधरा वर्षं शिकवला आणि कळला मात्र त्या दिवशी. मोजमाप जेवढं देतं तेवढेच आकडे खरे, पुढची शेपटी फेकून द्या. कुणी लांबलचक आकडा सांगून डोळे दिपवले तर हात जोडू नका. कशानं मोजलंस, ते विचारा. यंत्र असो, महाराज असो की तुमचा मास्तर असो, विचारा. आणि एखादा जाणता माणूस 'सुमारे' म्हणाला तर त्याला हसू नका. आपल्याला किती माहीत नाही, हेही त्याला माहीत असतं.

सातवीच्या परीक्षेत मालननं 'सुमारे' लिहिलं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं.