हवेतली मुळे

वर्तमानपत्रावर ऑर्किडचे रोप आडवे पडले होते आणि त्याच्या दोन बाजूंना बसलेली दोन माणसे एकमेकांकडे पाहण्याचे टाळत होती. सून एकेक मूळ बोटांनी चाचपत होती. तपकिरी, लिबलिबीत मुळे. दाबताच साल निसटे आणि हाती नुसता दोरा उरे. सासऱ्यांना वाटले, ही चार शब्द टाकून बोलली असती तरी परवडले असते. या शांततेला किल्ली कुठून द्यायची, हे त्यांना उमगेना.

जन्मभर त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती. महिन्यापूर्वी सून कामासाठी परगावी गेली, तेव्हा हे रोप त्यांच्यावर सोपवून गेली. तिच्या आईने वाढवलेले. आई गेल्यावर माहेराहून तिने आणले ते एवढेच. पाणी किती, ऊन किती, सगळे सांगून झाले होते. याची मुळे कुंडीबाहेर हवेत लोंबतात आणि ती तशीच लोंबू द्यायची असतात, एवढे मात्र सांगायचे राहून गेले.

काठावरून बाहेर आलेली ती रुपेरी मुळे पाहून म्हाताऱ्याचा जीव खालीवर झाला. मग डोळ्याला भिंग लावून, बारीक चिमट्याने, एकालाही न दुखावता, त्यांनी ती आत घेतली आणि वरून ओले शेवाळ दाबून बसवले. काहीतरी नाजूक आपण नीट सावरले, या समाधानात त्यांना झोपही गाढ लागली होती.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "याची मुळं हवेत श्वास घेतात हो."

"मला वाटलं, उघडी पडलीत बिचारी."

"घड्याळ आहे का ते, झाकण लावायला?"

"घड्याळ असतं तर एव्हाना चालू करून दिलं असतं, पोरी."

तिला हसू फुटले आणि ओठांवरच विरले. डोळे भरून आले. तिने कात्री त्यांच्यापुढे धरली. "कुजलेलं तेवढं तुम्हीच काढा."

ते काढत गेले. अखेरीस दोनच मुळे राहिली. टणक, टोकाशी पोपटी. पुन्हा कुज लागू नये म्हणून तिने जखमांवर दालचिनीची पूड लावली, झाडाच्या सुक्या सालीचे तुकडे कुंडीत सैलसर भरले. एक मूळ आत गेले, दुसरे काठावरून बाहेर डोकावत राहिले. त्यांचे बोट नकळत त्याच्याकडे सरकले आणि तिथेच अडले.

तिने ते पाहिले.

"सोमवारी मी पुन्हा जातेय," ती हळूच म्हणाली. "शेजारच्या काकू ठेवून घेते म्हणाल्यात. की तुम्हीच बघाल, बाबा?"

त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली. काठोकाठ भरलेले भांडे न्यावे तसे पाऊल जपत, ते खिडकीकडे निघाले.