राष्ट्रे का बुडतात, यावर वीस मिनिटे

हरिहर केतकर सरांना सव्वीस जानेवारीला वीस मिनिटं मिळत. झेंडावंदन आठला, सत्यनारायण दहाला आणि मधल्या वेळात बटाटेवडे तळून होईपर्यंत सरांचं भाषण, असा डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीचा अठरा वर्षांचा शिरस्ता होता. कल्याणच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला वीस मिनिटं म्हणजे दर्यात खसखस, पण सर तक्रार करत नसत. यंदाचा विषय तर त्यांनी दिवाळीतच मुक्रर केला होता: राष्ट्रे का बुडतात. विषय मोठा आहे, वडे गार होतील, असं सरोजताईंनी लगेच सुनावलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या प्रत्येक साम्राज्याचं स्वागत त्यांनी असंच केलं होतं.

रोम झालं, इराण झालं, विजयनगर झालं, देवगिरीचे यादव तर सरांच्या हक्काचेच. अडचण एकच होती, भाषण ऐकवायला माणूस नव्हता. दरवर्षी ते काम सीताराम कासारे करायचे.

कासारे समोरच्या बी बिल्डिंगमधले, आंबिवलीकडच्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखाना बंद पडला, मग मिळेल ते काम करून त्यांनी मुलीला, प्रियांकाला, डॉक्टर केलं. सकाळी सहाला दोघं मैदानाला चार फेऱ्या मारत. फेरीत सर भाषण म्हणून दाखवत आणि कासारे मध्येच थांबून म्हणत, "सर, हे मला नाही कळलं." की सर ते वाक्य काढून टाकत. राजकारणात दोघांची तोंडं दोन दिशांना. मतदानाला बरोबर जायचे, एकमेकांचं मत फुकट घालवायचे आणि येताना टपरीवर चहा प्यायचे. अशी मैत्री आताशा बघायला मिळत नाही, असं लोक म्हणत, आणि सरांना त्याचा थोडा गर्वही होता.

डिसेंबर लागला आणि कासारे फिरायला यायचे बंद झाले. फोन केला तर गुडघा दुखतो म्हणाले. एका सकाळी दुधाच्या रांगेतून सरांनी पाहिलं, तोच गुडघा मैदानाच्या पलीकडच्या कडेनं तरण्याबांड माणसासारखा टाकोटाक चालला होता. घरी येऊन ते दूध ओट्यावर आपटून बसले.

कारण काय असणार, ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: निवडणूक. सोसायटीत तेव्हा तेच चाललं होतं. बी बिल्डिंगमधली पाच घरं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून बाहेर पडली होती आणि त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला होता. एका ग्रुपात देश रोज महासत्ता होत होता, दुसऱ्यात रोज बुडत होता, आणि पाण्याची टाकी मात्र दोघांची एकच होती. मतावरून मित्र तोडणारी माणसं हेच राष्ट्र बुडण्याचं पहिलं लक्षण, असं एक तावातावाचं वाक्य सरांनी भाषणात घातलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी त्यांनी ते सरोजताईंना वाचून दाखवलं. त्या वाटाणे सोलत होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, की कासारे मतामुळे नाहीत तुटलेले, तुमच्या त्या मेसेजमुळे तुटलेत.

कुठला मेसेज, ते सरांना आठवेना. त्यांनीच सोसायटीच्या ग्रुपात टाकलेला, नोव्हेंबरअखेरचा, 'महान संस्कृती का लोप पावल्या?' नावाचा. सरांनी तो शोधून काढला. वरच्या दहा ओळी त्यांना चांगल्या आठवत होत्या. इजिप्त, ग्रीस, रोम, सगळं नीट, तारखासुद्धा बऱ्यापैकी बरोबर. म्हणून तर त्यांनी तो कौतुकानं पुढे ढकलला होता. खाली 'पुढे वाचा' होतं. ते त्यांनी त्या दिवशी दाबलं नव्हतं, गॅसवरचं दूध उतू जात होतं. आता दाबलं.

शेवटी लिहिलं होतं, की भारतही याच वाटेवर आहे, कारण इथे लायकी नसलेल्यांना जातीच्या दाखल्यावर खुर्च्या वाटल्या जातात. असल्यांच्या हाती पूल दिले तर पूल पडतात आणि पेशंट दिले तर पेशंट मरतात. आपण कधी जागे होणार?

कोविडात सरांचा ऑक्सिजन पंच्याऐंशीवर उतरला होता, तेव्हा ठाण्याच्या हॉस्पिटलातला बेड प्रियांकानं मिळवला होता. ॲम्ब्युलन्समध्ये सरांच्या उशाशी तीच बसली होती. सरांचा मुलगा नील तेव्हा बंगलोरला अडकलेला.

"तू हे शेवटपर्यंत वाचलं होतंस?" सरांनी विचारलं.

"वाचलं होतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला पटलं असेल," सरोजताई म्हणाल्या. "हल्ली कुणाला काय पटेल, सांगता येत नाही."

हे सरांना सगळ्यात जास्त लागलं. विद्यार्थ्यांना त्यांनी जन्मभर एकच धडा घोकून घेतला होता, की साधन शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तोंड उघडू नये. आणि चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली, तिलाही ते असला मजकूर पटवून घेणारे वाटू शकत होते. दोष तिला तरी कसा द्यायचा? मेसेजवर नाव त्यांचंच होतं.

चपला अडकवून ते तसेच बी बिल्डिंगमध्ये गेले. कासाऱ्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, दार उघडलं, पाणी दिलं, बसायला सांगितलं. कशात उणं नव्हतं, फक्त एरवी त्या 'या सर' म्हणत, ते म्हणाल्या नाहीत. सरांनी सगळं सांगितलं, दुधासकट. बोलताना ते चक्क अडखळत होते.

कासाऱ्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही वाचला नसणार, हे मला त्याच दिवशी कळलेलं, सर," ते म्हणाले. "तुमची भाषा मला माहीत नाही का?"

"मग विचारायचं तरी."

"तुम्ही वाचला नव्हता. पण बाकीच्यांनी तर वाचला ना? शहाऐंशी माणसं त्या ग्रुपात. एकवीस जणांनी खाली हात जोडले. प्रियांकाकडे येऊन फुकट बीपी मोजून घेणारेपण होते त्यात. मी तीन दिवस वाट बघितली, कोणी एक जण तरी लिहील, की हे बरोबर नाय. मग निघालो." ते थोडं थांबले. "आमचा कारखाना बंद पडायच्या आधी दोन वर्षं लोकांनी एकत्र डबा खायचं सोडलेलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, डब्याचं काय एवढं."

सर म्हणाले, मला माफ करा. कासारे म्हणाले, केलं कधीच, चहा घ्या. पण स्वयंपाकघराच्या दारातून शांताबाई बोलल्या. "सर, लिहिलेलं चारचौघांत होतं. माफी घरात मागताय."

सरांनी चहा घेतला. त्याची चव त्यांना कळली नाही.

सव्वीसला झेंडावंदन झालं. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या. त्यात बी बिल्डिंगची पाच घरं नव्हती. सोसायटीचा सेक्रेटरी सलिल भला मुलगा. माइक देताना तो सरांच्या कानात म्हणाला, की सर, वातावरण जरा नाजूक आहे, रोमबिमच ठेवा. सरांनी भाषणाचे कागद खुर्चीवर ठेवले, खिशातून फोन काढला आणि तो मेसेज वाचायला सुरुवात केली. वरच्या दहा ओळींना काही माना डोलल्या. सर थांबले नाहीत. शेवटचा परिच्छेद त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला, वर्गात सनद वाचून दाखवत तसा.

"हे मी पाठवलं," ते म्हणाले. "न वाचता पाठवलं, ही माझी सबब नाही, हा माझा गुन्हा आहे. ज्या मुलीमुळे मी आज इथे उभा आहे, तिच्या दारात मी ही घाण टाकली. रोम कसं बुडालं, ते मी पुस्तकात वाचलंय. आपण कसे बुडू, ते मी स्वतःच्या हातानं करून बघितलं. कासारे कुटुंबाची मी सगळ्यांसमक्ष माफी मागतो. आणि ज्यांनी याला हात जोडले, त्यांनी आपलं आपण बघावं."

वीस मिनिटांपैकी सहाच झाली होती. वड्यांचं तेलसुद्धा पुरतं तापलं नव्हतं. सलिलनं घाईघाईनं आभार मानले आणि देशभक्तीची गाणी लावली. टाळ्या सरोजताईंनी वाजवल्या, आणखी दोघातिघांनी, मग त्याही थांबल्या. ए बिल्डिंगच्या हेमांगीताई सरोजताईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, की सणाच्या दिवशी हे बरं नाही दिसलं, सरांना जरा सांगा. सरोजताई म्हणाल्या, की पहिल्यांदाच एवढं थोडक्यात बोललेत, मी कशाला सांगू.

वडे आले. लोक घोळक्याघोळक्यानं उभे राहून खाऊ लागले. दरवर्षी सरांभोवती निदान दहा जण असत, तारखा विचारायला, नातवंडांच्या मार्कांचं सांगायला. आज सर झेंड्याच्या खांबापाशी कागदी प्लेट घेऊन उभे होते आणि सगळे घोळके त्यांच्यापासून बरोबर चार हात दूर पडत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात इतक्या ओळखीच्या माणसांत इतकं परकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. घरी जावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात बी बिल्डिंगच्या जिन्यातून कासारे उतरले. अंगात घरातलाच शर्ट, पायात स्लिपर. घोळक्यांमधून वाट काढत ते सरळ सरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. सरांना वाटलं, भाषण लाउडस्पीकरवरून ऐकू गेलं असेल, आता त्याबद्दल काही म्हणतील.

"भाषण ऐकलं सगळं. त्याच्यासाठी नाय आलो," कासारे म्हणाले. "गॅलरीतून दिसत होतं, तुमच्याजवळ कोणी उभं राहत नाय. दोन महिने मी स्वतः ते भोगलंय. म्हटलं, सरांना नको."