पश्चिमेचं दार

घराच्या आडव्या भिंती थरथरत होत्या; उभ्या अगदी स्थिर होत्या. मी टीव्हीपासून हातभर अंतरावर उभी राहून पाच मिनिटं पाहिलं. पूर्व-पश्चिम जाणारी प्रत्येक रेघ हलत होती, उत्तर-दक्षिण जाणारी एकही नाही. टीव्ही आधी विषम ओळी रंगवतो, मग सम. एकाच ओळीएवढी जाड भिंत त्यामुळे एका फेरीत असते आणि पुढच्या फेरीत नसते. म्हणजे आमच्या होणाऱ्या स्वयंपाकघराची भिंत सेकंदाला पंचवीस वेळा उभी राहत होती आणि पंचवीस वेळा पडत होती.

"बांधकाम आत्तापासूनच असं?" मागून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई, म्हणजे गोदूबाई, निपाणीहून आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि बिल्डरने दिलेला कागदावरचा नकाशा त्यांना नीट दिसत नव्हता. त्यावर अवधूतने, माझ्या नवऱ्याने, उपाय काढला. नकाशा कॉम्प्युटरवर स्वतः पुन्हा काढायचा, कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि आईला घर मोठं करून दाखवायचं. मोठ्या कागदावर जाड पेनाने काढावा असं मी सुचवलं होतं. ते फारच साधं ठरलं.

हे अठ्ठ्याण्णव साल. अवधूत इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता, मी एका प्रयोगशाळेत यंत्रांची कंपनं मोजत होते. बंगळुरात भाड्याच्या दोन खोल्यांत सहा वर्षं काढल्यावर येलहंकाला फ्लॅट घ्यायचं ठरत होतं. बिल्डरने दोन फ्लॅट आमच्यासाठी धरून ठेवले होते, एक दोन बेडरूमचा आणि एक तीन बेडरूमचा. कुठला ते सोमवारी सकाळी सांगायचं होतं. सासूबाई कायमच्या आमच्याकडे येणार असतील तर तीनचा, नसतील तर दोनचा.

हा प्रश्न सासरे गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षं, घरात होता. तो सासूबाईंना सरळ असा कुणीच विचारला नव्हता. अवधूत फोनवर म्हणायचा, "इकडची हवा बरी आहे, नाही आई?" आणि त्या म्हणायच्या, "बघू."

टीव्हीवरचा नकाशा अर्थातच तीन बेडरूमचा होता. तिसरी खोली पश्चिमेच्या टोकाला, आठ फूट रुंद. तिच्या खिडकीखाली अवधूतने सासूबाईंचं शिलाई मशीन काढलं होतं: एक चौकट, एक चाक. चाक गोल येईना म्हणून तो दोन संध्याकाळी बसला होता. तोंडाने विचारायचं नव्हतं, म्हणून एवढी सगळी व्यवस्था.

शुक्रवारी टीव्हीवर काहीच आलं नाही. शनिवारी सकाळी कळलं की टीव्ही आधी चालू असेल तरच कॉम्प्युटरमधून त्याला चित्र पाठवणाऱ्या कार्डाला तो दिसतो.

"म्हणजे पाहुणा दारात दिसल्याशिवाय हा चहाच टाकत नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग चित्र आलं, पण काळंपांढरं, आणि ते खालून वर सरकत राहिलं. कार्डाच्या यादीत आमचा देश अमेरिका असा होता, आणि तिकडचे टीव्ही वेगळ्या पद्धतीने चालतात. अवधूतने आम्हाला भारतात परत आणलं. रंग आले, चित्र थांबलं, आणि भिंती थरथरू लागल्या. मी त्याला कारण सांगितलं, त्याने रेघा दुप्पट जाड केल्या, भिंती शांत झाल्या.

"आता मजबूत वाटतात," सासूबाई म्हणाल्या.

मी फक्त भिंतींचं कंपन पाहिलं होतं. खोल्या मोजल्या नव्हत्या. हे मला शोभणारं नव्हतं, पण तसं झालं.

आता मुख्य कार्यक्रम. कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता आणि टीव्ही बाहेरच्या. मधली वायर दोन तुकड्यांची होती, आणि त्यांचा पिवळा सांधा सोडला की चित्र जायचं. म्हणून मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात सांधा धरून उभी राहिले. तिथून मला आतलाही पडदा दिसत नव्हता आणि बाहेरचाही.

"आई, बसलीस? दिसतंय?" अवधूतने आतून विचारलं.

"दिसतंय की. केवढं मोठं केलंस!"

"पडदाभर काढलंय. कुठं जागा वाया घालवली नाही. हा मधला हॉल, चौदा फूट. उजवीकडे टोकाला आमची खोली."

"हं."

"वर ती दुसरी. आता डावीकडे, अगदी शेवटी बघ. काय दिसतंय?"

"दार."

"बरोबर! आणि दाराच्या पलीकडे?"

बाहेर पावलं टीव्हीजवळ गेल्याचा आवाज आला.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नीट बघ ना, आई."

"बघितलं रे. काही नाही."

आत खुर्ची करकरली. "काहीच नाही?"

"नसू दे की. घर छान आहे. दोघांना पुष्कळ झालं."

मी सांधा धरून उभी होते. दोन्हीकडे अचानक इतकं शांत झालं की मला वाटलं, वायर सुटली.

पाच मिनिटांनी अवधूत माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तिला नाही यायचं."

"असं म्हणाल्या?"

"आणखी कसं म्हणायचं असतं? खोली दाखवली, मशीनसकट दाखवली. म्हणे काही नाही. दोघांना पुष्कळ झालं. सोमवारी दोनवाला सांगून टाकतो."

"तू विचारलंस का पण?"

"आता काय विचारायचं राहिलंय, सुचेता?"

तो चपला घालून बाहेर गेला. कॉम्प्युटर तसाच चालू होता.

दुपारी चारला सासूबाई पिशवी भरताना दिसल्या. त्या खरं तर बुधवारी जाणार होत्या.

"उद्याच्या गाडीनं जाते गं. तिकडं ब्लाऊज शिवायचे पडलेत, लोक खोळंबलेत." त्यांनी एका पातळाची घडी करून ती परत उलगडली. "एक सांगते, रागावू नको. तुम्ही दोघं शिकलेली माणसं. पण ते पश्चिमेचं दार. घर दुसऱ्या मजल्यावर ना?"

"हो."

"मग ते दार उघडलं की बाहेर काही नाही. गच्ची नाही, जिना नाही. बिल्डरला सांगून बुजवून घ्या. नाहीतर वरती कडी तरी घाला. उद्या कुणी झोपेत उठून जाईल आणि सरळ खाली."

मी कंपासपेटीतली पट्टी घेतली, सांधा टेबलाच्या खणात दाबून बसवला आणि टीव्हीसमोर गेले.

पडद्याची रुंदी चाळीस सेंटीमीटर. नकाशातला चौदा फुटांचा हॉल पडद्यावर साडेसतरा सेंटीमीटर. म्हणजे एका फुटाला सव्वा सेंटीमीटर, आणि पडद्यावर मावणारं घर बत्तीस फूट. आमचं घर चाळीस फुटांचं होतं. उजवीकडे आमची खोली भिंतीसकट पूर्ण होती. डावीकडे एका दारापाशी घर संपत होतं. चित्र पडद्यापेक्षा मोठं होतं, शिवाय ते सगळं डावीकडे सरकलेलं होतं. वर-खाली नकाशाला मोकळी जागा होती, म्हणून तिकडे काही बिघडलं नव्हतं. गेले होते ते पश्चिमेचे नेमके आठ फूट.

अवधूत परत आल्यावर मी त्याला पट्टी दाखवली. "आईंना त्यांची खोली दिसलीच नाही."

तो टीव्हीकडे बघत राहिला, आत जाऊन कॉम्प्युटरचा पडदा बघून आला, परत टीव्हीकडे बघितलं. असं तीनदा.

"मी जाऊन सांगते त्यांना," मी म्हणाले.

"नको! आता सांगितलं तर तिला वाटेल, समजूत काढायला खोली काढली. तिला दिसली पाहिजे. मी आप्पाजींना आणतो."

आप्पाजी खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे बेळगावकडचे, बोलताना मधूनच कानडी शब्द पेरणारे, तीस वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करून आता घरी बसलेले. ते पेचकस घेऊनच आले, टीव्हीला हात न लावता एक फेरी मारली आणि खुर्चीत बसले.

"टीव्ही कड खातो, तम्मा. सगळेच खातात. पुढं कधी चित्र आकसलं तर काळी किनार दिसू नये म्हणून कारखान्यातच जास्त पसरून ठेवतात. बातम्या देणाऱ्या बाईच्या शेजारी काय काय असतं, आपल्याला कुठं माहीत असतं?"

"म्हणजे दोष टीव्हीचाच."

"दोष? तीस वर्षांत माझ्या हातच्या टीव्हीनं कुणाची खोली खाल्ली नव्हती. तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्याला विचार."

आवाज ऐकून सासूबाई पातळ हातात घेऊनच बाहेर आल्या. आप्पाजींनी उठून त्यांना खुर्ची दिली. मी सांध्यापाशी गेले, कारण टेबलाच्या खणातून तो निसटायला लागला होता. या वेळी मात्र टेबल ओढून अशी उभी राहिले की टीव्ही दिसावा.

अवधूतला कार्डाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र सरकवायचे बाण सापडले. तो आतून बाण दाबत होता आणि आप्पाजी बाहेरून ओरडत होते. "आणखी! आणखी! स्वल्प आणखी! बस्स!"

घर उजवीकडे सरकलं. पश्चिमेच्या दारामागून एक खोली हळूहळू बाहेर आली.

"ही कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

कुणीच उत्तर दिलं नाही. दीड वर्षांची सवय होती.

"आणि तुमची कुठं गेली?"

मी पाहिलं. अकरा फुटांच्या आमच्या खोलीतले आठ फूट पूर्वेला पडद्याबाहेर गेले होते. "तीन फूट राहिली," मी सांगितलं.

"तीन फुटांत दोघं कशी झोपणार?"

"उभ्यानं, अक्का," आप्पाजी म्हणाले.

सासूबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. "नको रे बाबा. एकाला जागा करायची म्हणून दोघांनी बाहेर जायचं? असल्या सोयीत मी नाही."

आप्पाजींनी पेचकस उचलला. मागचं झाकण उघडून चित्राची रुंदी कमी करतो, म्हणाले. अवधूत बाहेर धावत आला. टीव्ही उघडायचा नाही. कार्डाचा नवा प्रोग्रॅम एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणाकडे तरी मिळेल, आज नाही तर मंगळवारी. सोमवारच्या बिल्डरला मंगळवारचा प्रोग्रॅम काय कामाचा, असं आप्पाजींनी विचारलं. झाकण उघडलं तर आत किती हजार व्होल्ट असतात ते अवधूतने सांगितलं. मी त्यांच्यासोबत तीस वर्षं राहिलोय, आप्पाजी म्हणाले. मी सांध्यापाशी उभी राहून आडवं मोजमाप बदलण्याचे तीन मार्ग मनात मांडले. तिन्हींना हत्यारं लागत होती.

"अवधूत," सासूबाई म्हणाल्या, "घर स्वल्प लहान काढ की."

सगळे थांबले.

"तुझे बाबा जमिनी मोजायचे. घरी आणलेल्या नकाशांना शाई मी करायचे. रान कागदात मावेना झालं तर ते काय कागद ओढून लांब करायचे? प्रमाण बदलायचे. शंभर फुटांना इंच धरलं होतं तर दोनशेला इंच. रान तेवढंच राहतं. आणि चारी हद्दी दिसल्याशिवाय त्यांनी एका नकाशावर सही केली नाही. मघाशी मी तेच बघत होते. तीन बाजूंना हद्द, पश्चिमेला नुसतंच दार."

एक इंजिनिअर, एक भौतिकशास्त्राची एम. एस्सी. आणि तीस वर्षांचा एक टीव्ही मेकॅनिक एकमेकांकडे बघत राहिले.

"सरी, बरोबर," आप्पाजी म्हणाले आणि पेचकस खिशात ठेवला.

अवधूत आत गेला. त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. घर आकसलं, मध्यावर आलं, आणि चारी बाजूंनी काळी मोकळी जागा राहिली. सासूबाई उठून पडद्याजवळ गेल्या. काचेवर बोट ठेवून त्यांनी हद्द फिरून बघितली, उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. बोट पश्चिमेच्या खोलीत शिरलं आणि खिडकीखाली थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हे माझं मशीन?"

"हो," आतून आवाज आला.

"मघाशी हेच विचारत होतास?"

"हो."

"मग तोंडानं सांगायचं की रे, टीव्हीतनं कशाला?" त्या आणखी जवळ गेल्या. "आणि चाक उलटीकडं काढलंयस. असं ठेवलं तर खिडकी माझ्या उजव्या हाताला येते. उजेड डाव्या हाताकडनं पाहिजे, नाहीतर सुईवर माझ्याच हाताची सावली."

"फिरवतो!" कळा दाबल्याचा आवाज लगेच सुरू झाला. पडद्यावर चौकट गिरकी घेऊन खिडकीखालीच उलट्या तोंडाने बसली. चाक थोडं अंडाकृती झालं.

सासूबाई बघत राहिल्या. आप्पाजी छताकडे बघत होते. अवधूत आतून बाहेर येईना. तो आणखी एखादं दार, एखादी खिडकी काढून तेच विचारत बसणार हे मला दिसत होतं. माझे दोन्ही हात सांध्यात अडकले होते. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणूनही असेल.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे कायमच्या राहायला येता का?"

आतला कळांचा आवाज थांबला.

सासूबाईंनी हातातल्या पातळाची घडी पुरी केली, ते खुर्चीच्या पाठीवर ठेवलं आणि पडद्यावरच्या खोलीकडे बघतच म्हणाल्या, "मशीन आधी पाठवते, सामानाच्या गाडीतनं. ते नीट पोचलं की मागून मी येते, राहायला."