एक्क्याऐंशीचा कोट

सरकारने वार काढून मीटर आणला त्याला अकरा वर्षं झाली होती. अख्ख्या बाजाराने मान तुकवली, शिंपीमास्तरांनी नाही. इंचाशिवाय दुसरं माप त्यांच्या दुकानात निघत नसे. त्याच भांडणात धाकटा भाऊ घर सोडून गेला.

"दादा, काळाबरोबर चालायला हवं," तो म्हणाला होता.

"मग लाग चालायला," मास्तर म्हणाले. धाकटा खरंच निघाला आणि लांबच्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात लागला.

तेव्हापासून इकडचं पत्र तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. दुकानातच स्टोव्ह पेटवायचा, एकट्यापुरतं शिजवायचं, उभ्या उभ्या दोन घास खायचे. बोलायला माणूस नाही म्हणून ते कात्रीशी बोलत, आणि कात्री निदान उलट उत्तर देत नसे.

एके दिवशी पाकीट आलं. आत धाकट्याचं अक्षर. 'दादा, एक कोट शिवून पाठव. माप नीट बघ.' खाली सेंटिमीटरमध्ये आकडे: छाती एक्क्याऐंशी, कंबर सदुसष्ट.

"एक्क्याऐंशी! हत्तीला घालायचाय का कोट?" मास्तर हसले आणि कागद खणात टाकला. आईच्या माघारी ज्याला अंगाखांद्यावर वाढवला, त्याचं माप कागदाने सांगायचं? छाती अडतीस, कंबर चौतीस, उजवा खांदा पाव इंच उतरता. सगळं तोंडपाठ. त्यांनी आठवड्यात कोट शिवला, पदरचं रेशमी अस्तर लावलं. शेवटी दादाच लागला ना, या विचाराने त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या दुकानदाराला त्यांनी उगाचच चहा पाजला. कोट पाठवला आणि रोज पोस्टमनची वाट बघू लागले.

महिन्याने कोटच परत आला. सोबत कधी न पाहिलेल्या भावजयीची चिठ्ठी होती.

'दादा, हे जाऊन आठ दिवस झाले. दुखणं दोन वर्षांचं. तुम्हाला कळवू या, म्हणून मी मागे लागले होते. ते म्हणायचे, कळवायला कशाला हवं, माप बघितलं की दादा धावत येईल. कोट आला तो अंगात दोघं मावतील एवढा. त्यांनी तो घडी करून ठेवायला सांगितला. तुमच्या हातचा, टाकवत नाही.'

मास्तरांनी खणातून कागद काढला. टेप उलटी करून सेंटिमीटरच्या बाजूला एक्क्याऐंशीवर बोट ठेवलं आणि मागचा इंच वाचला. बत्तीसलाही किंचित कमी. पंधराव्या वर्षी होती तेवढी छाती.

 मग कोट टेबलावर पसरून त्यांनी शिवण उसवायला घेतली. कागद समोर ठेवून, एकेक सेंटिमीटर मोजत, अंग आत घेतलं, कंबर आत घेतली, बटणं सरकवली. संध्याकाळपर्यंत कोट अगदी बरोबर झाला. आता तो घालायला कुणी नव्हतं.